गुरुवारी दरवळणारा पीर

त्या उन्हाळ्यात दर गुरुवारी दुपारी झार्दतेपाच्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. यावान खोऱ्याच्या खालच्या टोकापासून माणसं येत. कुणी व्हॅननं, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, कुणी गाढवावरून. प्रत्येकाच्या हातात पाण्याचं काहीतरी असे: बादली, किटली, खाद्यतेलाचा रिकामा डबा. एका बाईनं तर लग्नकार्यात चहाचं पाणी उकळायचा समोवार उचलून आणला होता. ही सगळी गर्दी ओयमो खोलाच्या अंगणात शिरे आणि मागच्या भिंतीपाशी पोचली की गप्प होई.

ओयमो खोला ही आमची शेजारीण. एकटी राहणारी विधवा, आणि गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांची खोला, म्हणजे मावशी. तिच्या मागच्या खोलीच्या पायथ्याशी उन्हाळा लागताच जमीन आपोआप खचली आणि तंदूरच्या तोंडाएवढं भोक पडलं. त्या भोकाशेजारी, गाद्यांच्या चळतीवर, एशोन बुर्होनखोजा बसलेला असे. एशोन म्हणजे पिराच्या वंशातला. निदान तो तसं सांगे. त्याआधी तो राजधानीत गालिचे धुण्याची यंत्रं विकत असे, हे त्याचा चुलतभाऊ सांगे.

“ओत, बेटी, ओत. हात आखडू नकोस.”

बाई बादली रिकामी करी. पाणी भोकात गरगर फिरे, मग खालून ‘गुडुप्’ असा आवाज येई आणि भोक पुन्हा रिकामं.

“ऐकलंत? घोट घेतला! शतकानुशतकं तहानलेला आहे बिचारा. तुमची बादली म्हणजे त्याचा नुसता ओठ ओला होतो. पुढे कोण? समोवारवाली? ये, ये. गार आहे ना पाणी? पिराला चहा नको.”

मग तो काठीनं भिंतीवरचा तडा दाखवी. “मागच्या खेपेला हा गुडघ्यापर्यंत होता. आज बघा, खांद्याला आला. का? तुम्ही पाणी पाजलंत, म्हणून. पिराला हुशारी आली. तो आत पाय पसरतोय!”

भिंतीच्या कडेला पुदिना माजला होता. सगळ्या गावाचा पुदिना उन्हानं करपून गेलेला असताना इथली पानं तळहाताएवढी. ती एकेक पान करून प्रसाद म्हणून वाटली जात. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो वास. वारा पडलेला, धूळ तापलेली, आणि भोकातून गुलाबाचा घमघमाट. बायका पदर डोळ्यांना लावत. गुलाबाच्या मागोमाग आणखी एक वास येई, जरा उग्र, जरा ओळखीचा. एशोन डोळे मिटून तो छातीत भरून घेई आणि म्हणे, “कस्तुरी.”

भोकाच्या तळाशी ओल साचे, ती तो बोटानं लोकांच्या कपाळाला लावी. एकदोनदा त्यानं बोट चाटूनही दाखवलं.

आता माझं सांगतो. मी, मिर्झोहयोत, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमीदार आहे. गावात मला हयोत अका, म्हणजे हयोतदादा, म्हणतात. अंगात येणारी भुतं, गाडलेल्या धनाचे नकाशे, दुखऱ्या दाताला बांधायचे ताईत, अशांचं पितळ उघडं पाडणारा स्तंभ माझ्या नावानं छापून येतो. त्या स्तंभासाठी मी खोरं पालथं घातलं आहे. आणि हा चमत्कार माझ्या अंगणाच्या भिंतीपलीकडे, माझ्या द्राक्षाच्या मांडवाखालून ऐकू येईल इतक्या जवळ चालला होता. मी चहा पीत बसे आणि पीर पाणी पीत बसे.

मला तो दिसत होता, पण स्तंभाच्या कामाचा वाटत नव्हता. शेजारच्या बाईच्या घराबद्दल काय लिहायचं, असं मी बायकोला सांगितलं. तडा पहिल्यांदा दिसला तेव्हा ओयमो खोलानं मला बोलावून दाखवला होता. मी त्याच्यात बोट घालून, मान हलवून, तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं होतं, “जुनं घर आहे, खोला. मागे भूकंप झाला नव्हता का? त्याचाच हा परिणाम.” ती म्हणाली, “भूकंप झाला तेव्हा तडा नव्हता रे.” मी म्हटलं, “परिणाम उशिरा दिसतात.” भूकंपाच्या बाबतीत हे खरं आहे की नाही, मला अजून माहीत नाही. बातमीला वेळेत काहीतरी कारण द्यावं लागतं, ती सवय.

एका शुक्रवारी सकाळी खोला आमच्या दारात आली. बसली नाही.

“हयोत, तो म्हणतो घर सोड.”

“कोण?”

“कोण म्हणजे? गादीवरचा. म्हणतो, पिराच्या डोक्यावर चूल पेटवणं बरं नव्हे. इथे दर्गा होणार, तो राखण करणार. पुढच्या गुरुवारी सगळं खोरं येणार आहे, सगळे एकदम बादल्या ओतणार, आणि मग म्हणे पीर मुखदर्शन देणार. त्याआधी किल्ली त्याच्या हातात द्यायची.”

“आणि तुम्ही देणार?”

“तुला ठाऊक आहे ना हे घर कसं झालं?” ती म्हणाली. “मी आणि तुझे ते काका, दोघांनी पायांनी माती तुडवली. ओल्या मातीचे थर चढवले, एक थर वाळला की दुसरा. मुलगी पोटात होती तेव्हा छप्पर चढलं. आता या वयात मी तिच्या सासरी जाऊन कोपऱ्यात बसू?”

“तुमचा त्याच्यावर विश्वास आहे का?”

“विश्वासाचं राहू दे. भिंत फाटतेय की नाही? माझी खाट रोज एका बाजूला कलते, सरकवून सरकवून मी दमले. तो निदान काहीतरी कारण सांगतो. तू दुसरं कारण सांग, खरं, मी त्याला झाडूनं हाकलते. नाहीतर किल्ली दिलेली बरी. छप्पर अंगावर घेऊन मरण्यापेक्षा.”

इतकं स्पष्ट काम मला कुठल्या संपादकानंही कधी दिलं नव्हतं. मी ताबडतोब चुकीच्या दिशेनं कामाला लागलो.

माझा पहिला संशय एशोनच्या बाहीवर. तिथे गुलाबपाण्याची कुपी असणार. त्याच दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर तिथे जमलेल्या गर्दीत घुसून मी त्याच्या हाताचं चुंबन घेण्याचं नाटक केलं आणि बाही हुंगली. बाहीला मटणाच्या चरबीचा वास होता. दुसरा संशय असा की खाली भुयार आहे आणि तिथे एखादा साथीदार बसून पाणी उपसतो. हे मला इतकं पटलं की भोकापासून जरा दूर, पुदिन्याच्या वाफ्यात मी पालथा पडलो आणि जमिनीला कान लावला. साथीदार खोकला तर ऐकू यावं म्हणून डोळे मिटून घेतले.

कुणीतरी माझ्या पाठीवर शाल घातली. कुणीतरी हुंदका दिला. डोळे उघडले तेव्हा फोनांच्या कॅमेऱ्यांचं कडं माझ्याभोवती होतं आणि एशोन हात पसरून म्हणत होता, “बघा! ज्यानं आयुष्यभर पिरांची टवाळी केली, तोच आज मातीला गाल लावून पडलाय. रडू दे त्याला. रडू दे.”

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या खोऱ्यात पोचला. माझ्या संपादकानंही मला तो पाठवला. खाली काहीही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फरोगत मुअल्लिमा हसायला म्हणून आमच्याकडे आली. ती गावच्या शाळेत भूगोल शिकवते. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची, पण माझ्याशी बोलताना मीच शेवटच्या बाकावर बसलोय असा तिचा स्वर असतो.

“अका, शाल छान दिसत होती तुम्हाला.”

“बस, चहा घे, आणि निघ.”

माझी बायको सलोमत हिनं चहा आणला. द्राक्षाच्या मांडवाखाली आम्ही बसलो. दोरीवर धुतलेल्या चादरी वाळून अजून तशाच लटकत होत्या. फरोगतनं वाटी तोंडाला लावली आणि तशीच थांबली. मान वळवून तिनं चादरीचं टोक नाकाशी धरलं.

“सलोमत खोला, कपडे तुम्ही कधी धुता?”

“गुरुवारी. जुम्म्याला धुतलेले हवेत ना.” सलोमतचा चेहरा फुलला. “आता हातानं नाही हं. पोरानं परदेशातून मशीन पाठवलंय. पावडर पण तिथली. गुलाबाची. आवडला वास?”

“सगळ्या खोऱ्याला आवडलाय,” फरोगत म्हणाली.

मला वाक्य समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर मी ते न समजल्याचं ठरवलं.

“मशीनचं पाणी कुठे जातं, अका?”

“शोषखड्ड्यात.”

“कुठे आहे?”

मी हनुवटीनं दाखवलं. खड्डा ओयमो खोलाच्या भिंतीला लागून होता. अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, उतारावर, खूप जागा होती, पण तिथे द्राक्षाचा मांडव आहे, आणि त्याच्या सावलीत मी लिहितो. लिहिण्याच्या जागेजवळ खड्डा कसा खणणार? गेल्या वर्षी पोरानं घरात नहाणीघर करायला लावलं. नळ, मशीन, खुर्चीसारखं शौचालय, सगळं आत. सगळ्याचं पाणी एका नारिंगी पाइपातून त्या खड्ड्यात.

“विटांचं अस्तर? सिमेंटच्या रिंगा?”

“कशाला?” मी म्हटलं, आणि इथे माझ्या आवाजात जो अभिमान आला तो लपवून उपयोग नाही. “आपल्या मातीत अस्तर लागतं का? इतकं पाणी जातं, अजून खड्ड्याचा तळसुद्धा झाकला गेला नाही!”

परक्याला हे विचित्र वाटेल, पण झार्दतेपात माणसाची ऐपत त्याच्या मेंढ्यांवरून जितकी ठरते तितकीच त्याच्या खड्ड्यावरून ठरते. ज्याचा खड्डा भरत नाही त्याच्या घरात बरकत आहे, असं आम्ही मानतो. सोयरीक जुळवताना म्हातारे सांगतात, “आमच्या बापानं खणलेला, अजून एकदाही उपसला नाही.” समोरचे माना डोलावतात. मी, अंधश्रद्धांचा कर्दनकाळ, माझ्या कोरड्या खड्ड्याची गोष्ट कचेरीत सांगत असे, आणि तिथल्या लोकांचे खड्डे भरतात म्हणून मला त्यांची दया येई.

फरोगतनं बशीत साखरेचा एक खडा ठेवला. त्यावर चहाच्या किटलीचं झाकण ठेवलं. खडा हलला नाही.

“ही आपली पिवळी माती. कोरडी आहे तोवर घर पेलते, दुमजली घरसुद्धा. आता बघा.” तिनं बशीत घोटभर चहा ओतला. चहा खड्याच्या पायथ्याला लागला, वर चढला, खडा तपकिरी झाला. क्षणभर काहीच घडलं नाही. मग झाकण खणकन बशीवर आपटलं.

“आपल्या टेकड्या वाऱ्यानं आणून टाकलेल्या धुळीच्या आहेत. कण एकमेकांवर नुसते रचलेले, मधे पोकळ्या, आणि क्षाराचा थोडासा चिकटा. म्हणून पाणी भराभर आत जातं. तुमची बरकत ती. पण जाताना ते चिकटा विरघळवतं. मग रचलेले कण एकदम बसतात. वर भिंत असेल तर भिंत बसते.”

“पण खड्डा माझ्या बाजूला आहे,” मी म्हटलं.

“खोलाचं अंगण तुमच्यापेक्षा खाली आहे. पाण्याला भिंत कुणाची ते कळत नाही. खड्ड्याभोवतीची भरही दबली असणार, पाइपाचा सांधा निखळला असणार. पाणी खड्ड्यापर्यंत पोचतसुद्धा नसेल, वाटेतच खोलाकडे जात असेल. ओल सापडली म्हणून पुदिना माजला. आणि लोक बादल्या ओततात तेव्हा आतली हवा वर येते. तोच तुमचा गुडुप्.”

 सलोमत हळूच म्हणाली, “अहो, मग ती कस्तुरी?”

आम्ही तिघांनीही नहाणीघराच्या दाराकडे पाहिलं. 

“लोकांना सतत विचारता ना तुम्ही, अमुक कुठे गेलं, तमुक कुठे गेलं?” फरोगत म्हणाली. “स्वतःचं पाणी कुठे जातं हे नाही विचारलंत कधी?”

खोलाला ताबडतोब सांगायला हवं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आधी खात्री करू. खात्री हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द आहे, त्याच्यामागे माणसाला बराच काळ लपता येतं. फरोगतनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ठीक आहे. तसंही मी जाऊन सांगितलं तर म्हणतील मुअल्लिमा पिरावर उठली. त्यांच्या नाकांनाच सांगू दे. सलोमत खोला, तुमच्याकडे दुसऱ्या वासाची पावडर आहे?”

“लिंबाची आहे. देवदाराची पण आहे.”

“गुरुवारपर्यंत नळ बंद. अंघोळ नाही, मशीन नाही, शौचालय जुनं, बाहेरचं. गुरुवारी सकाळी पहिला घाणा लिंबाचा. खोला त्या खोलीत झोपणार नाहीत, हे मी बघते. आणि अका, गुरुवार संपला की तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन.”

गुरुवारी इतकी माणसं आली की व्हॅन शाळेच्या मैदानात लावाव्या लागल्या. एशोननं पांढरा फेटा बांधला होता. ओयमो खोला दारात उभी होती, मुठीत किल्ली. तिच्या भांड्यांची दोन गाठोडी पायरीवर ठेवलेली. फरोगतनं सकाळीच येऊन भिंतीपासून चांगल्या अंतरावर दोर बांधला होता आणि सगळ्यांना त्यामागे उभं केलं होतं. कुणी विचारलं तर ती म्हणे, “पिराला मोकळी हवा लागते.” एशोनला ही कल्पना आवडली. त्याची गादी दोराच्या आत होती.

“आज तो उठणार!” तो ओरडला. “बादल्या उचला. पण आधी श्वास घ्या. तो गुलाब येऊ दे. येतोय... येतोय...”

आमच्या अंगणात मशीन घरघरत होतं. गर्दीत ते कुणालाच ऐकू येत नव्हतं, मी सोडून. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

वास आला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हवा हुंगली.

“हे लिंबू आहे,” तो म्हणाला.

“गुलाब आहे, बाबा.”

“मी आयुष्यभर लिंबाच्या बागेत काम केलंय. हे लिंबू आहे.”

मागून बायका म्हणू लागल्या, “हो गं, लिंबूच.” एशोननं नाकपुड्या फुलवल्या. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि एका जातिवंत कारागिराचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही. त्यानं श्वासभर वेळ घेतला असेल.

“लिंबू! अर्थात लिंबू! कारण पिरानं आज गुलाबाची बाग ओलांडली, आणि लिंबाच्या बागेत पाऊल टाकलं! ही शेवटची पायरी!”

“आणि पुढच्या गुरुवारी, एशोन साहेब?” फरोगतनं विचारलं. “कुठला वास येईल?”

“ते पीर जाणे, मुअल्लिमा.”

“मी पण जाणते. देवदाराचा.” तिनं पिशवीतून पावडरचं पाकीट काढून उंच धरलं. “आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी काहीच नाही. कारण कपडे तोवर हातानं धुतले जातील.”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. काहींनी बादल्या खाली ठेवल्या. आमच्या मशिदीचे इमाम मागे उभे होते, ते शांतपणे म्हणाले, “पाणी वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला असतं. भिंतीला पाजायला सांगितलेलं मी तरी कुठे वाचलं नाही.”

एशोनला कळलं की आता बोलून भागणार नाही. “अश्रद्ध लोकांनी पीर कोंडून ठेवलाय!” असं ओरडून त्यानं जवळची बादली उचलली आणि भोकात रिती केली. मग दुसरी. मग समोवारवालीचा समोवार.

जमिनीनं एक उसासा टाकला. भिंतीच्या कोपऱ्याचा खालचा भाग, गाईच्या पोटाएवढा, शांतपणे सुटला आणि खाली बसला. एशोन गादीसकट मागे कोलमडला. धूळ उडाली. धूळ खाली बसल्यावर, उघड्या पडलेल्या मातीतून बाहेर डोकावणारा माझा नारिंगी पाइप सगळ्यांना दिसला. सांधा निखळलेला, तोंड पुढे काढलेलं. मुखदर्शन म्हणतात ते हेच. त्याच्यातून लिंबाचा पांढरा फेस भकाभका बाहेर येत होता.

आणि त्या शांततेत भिंतीवरून सलोमतचा आवाज आला:

“अहो, मशीन थांबवू का?”

आधी हसली ती ओयमो खोला. मग सगळे. मी हसलो नाही, कारण सगळं खोरं माझ्याकडे बघत होतं. लिंबाच्या बागेतला म्हातारा पुढे झाला आणि अतिशय आदरानं म्हणाला, “हयोत अका, एक विचारू? पावडर कळली. मग ती कस्तुरी कसली होती?”

“घरात,” मी म्हणालो, “आता शौचालय पण आहे.”

एशोननं आपलं बोट पाहिलं. मग ते अंगरख्याला पुसलं. मग पुन्हा पुसलं. पीर रुसला, पीर दुसऱ्या खोऱ्यात चालला, असं काहीतरी पुटपुटत तो दाराकडे निघाला. त्याला कुणी अडवलं नाही. त्याच्याजवळ जाण्याचीच कुणाला इच्छा नव्हती.

फरोगतनं मात्र कुणाला जाऊ दिलं नाही. तिनं कोसळलेल्या भागातलं एक कोरडं ढेकूळ उचललं, पायरीवर ठेवलं, त्यावर वीट ठेवली. “उभी आहे?” “आहे.” मग तिनं वाटीभर पाणी ढेकळाच्या पायाशी ओतलं. ढेकूळ बुडबुडे सोडत भिजलं आणि वीट धप्पकन खाली आली. “तुम्ही दर गुरुवारी हेच करत होता. खोलाच्या घराखाली. प्रत्येक बादलीगणिक तडा वाढायचा, आणि तडा वाढला म्हणून तुम्ही आणखी बादली आणायचा.”

समोवारवालीनं समोवार पदराखाली घेतला.

ओयमो खोलानं किल्ली कमरेला खोचली. माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला कधी कळलं होतं?”

“शनिवारी.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“खात्री करत होतो.”

“लिहिणार आहेस ना हे?”

“हो, खोला.”

“मग पूर्ण लिही. खड्डा कुणाचा, तेही लिही. भूकंपाचंही लिही.”

लिहिलं आहे.

खोली वाचली, एक कोपरा सोडून. पाणी थांबलं तसा तडाही थांबला. फरोगतनं त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती, ती अजून फाटलेली नाही. माती पुरती सुकल्यावर, शरदात, सगळ्या गल्लीनं मिळून खोलाचा कोपरा पुन्हा उभारला. खाली आधी दगड, भोवती पाणी दूर नेणारा उतार. माती तुडवायचं काम मला दिलं होतं. पँट गुडघ्याच्या वर, खोला पायरीवर बसून सांगतेय: “टाच मार, टाच. लेख लिहितोस का तुडवतोस?” त्याचेही फोटो निघाले. या वेळी शाल कुणी घातली नाही.

द्राक्षाचा अर्धा मांडव तोडला. तिथे, उताराच्या टोकाला, दोन्ही घरांपासून दूर, सिमेंटची बंद टाकी बसवली. वसंतात ती भरली. उपसायला टँकर बोलवावा लागला, आणि गल्लीतले म्हातारे माझ्याकडे दयेनं पाहू लागले: हयोतची बरकत गेली. मी मात्र टाकीच्या तोंडाशी उभा राहून तिच्यात पाहत राहिलो. भरलेली टाकी म्हणजे आपलं पाणी कुठे गेलं हे माहीत असणं. इतकी साधी गोष्ट कळायला मला एक पीर लागला.

तेव्हा माझ्या वाचकांना एवढीच विनंती. जमीन खचली, भिंत फाटली, ऑगस्टात पुदिना हिरवागार राहिला, तर हात जोडण्याआधी आणि बादली उचलण्याआधी विचारा, पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय. शेजाऱ्याला विचारा. त्याच्याही आधी स्वतःच्या घरात विचारा. आणि उत्तर मिळालं की ते त्याच दिवशी सांगा, गुरुवारची वाट बघू नका.

ओयमो खोलाकडचा पुदिना पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्यांसारखाच करपला. ती त्याबद्दल कुरकुरते. दर गुरुवारी, सलोमतचं मशीन सुरू झालं की भिंतीवरून तिचं डोकं वर येतं, ती हवेत नाक फिरवते आणि विचारते, “काय रे हयोत, आज पिराला कसला वास?”

“कसलाच नाही, खोला.”

“मग झोपते त्या खोलीत,” ती म्हणते, आणि डोकं खाली जातं.